रोज अजिंक्यतारा चढूनही वजन का उतरत नाही? आहार, व्यायाम आणि सहा माणसांचा स्वयंपाक

सातारकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. पावसाळ्यातले मोजके दिवस सोडले, तर मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाते. सुरुवातीला वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत पोहोचतानाच धाप लागत असे. आता वर मंगळाई देवीच्या मंदिरापर्यंत न थांबता जाता येते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन चारेक किलोंनी उतरले. त्यानंतर काटा जो अडला, तो अडलाच. माझ्यासोबत चढणाऱ्या बहुतेक मैत्रिणींची हीच तक्रार आहे, म्हणून हा विषय एकट्या माझा नाही असे समजून धागा काढते आहे.

माझे वय ४५, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. नोकरी दिवसभर बसून करण्याची. थायरॉइडची तपासणी ठीक आली आहे, परंतु तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ टक्के आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, वजन कमी करा, एवढाच सल्ला डॉक्टरांकडून मिळाला. ते कसे करायचे हे विचारायला वेळच नव्हता, कारण बाहेर रुग्णांची रांग लागली होती.

यापूर्वी वजन घटवून देणाऱ्या एका केंद्रात पैसे भरले होते. एका वेळच्या जेवणाऐवजी पावडर आणि दुसऱ्या वेळी उकडलेल्या भाज्या, असा तो कार्यक्रम होता. आठ किलो उतरले. पावडर थांबल्यावर वर्षाच्या आत ते सगळे परत आले आणि वर दोन किलो अधिक आले. केंद्रात मला माझ्या मनाच्या दुबळेपणाबद्दल ऐकवण्यात आले, ते अजून लागून राहिले आहे.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले, अशी सहा माणसे आहेत. एकच भाजी, एकच आमटी, भाकरी आणि चपात्या. माझ्यासाठी वेगळे शिजवणे वेळेत बसत नाही आणि मनालाही पटत नाही.

‘मनावर घ्या, सगळे होते’ असे सांगणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. जानेवारीच्या थंडीत पहाटे पाचला घराबाहेर पडणाऱ्या बाईने मनावर घेतलेलेच असते. चढ चढून वजन का उतरत नाही, उतरलेले का परतते, आणि सहा जणांच्या स्वयंपाकात राहून काय करता येते, यावर जाणकारांनी लिहावे.

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीत आहारशास्त्र शिकवते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हिशेबात आहे, म्हणून आधी चढाचा हिशेब मांडते.

७१ किलोच्या व्यक्तीने अडीचशे मीटर उंची चढली, असे धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले काम कॅलरींत मोजले तर ते जेमतेम ४२ भरते. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा किंवा पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवतात आणि बाकीची उष्णता होऊन जाते, त्यामुळे शरीराचा खरा खर्च १६५ ते २१० कॅलरींच्या दरम्यान येतो. त्यात सपाटीवरचे चालणे आणि उतरणे मिळवले तर एका फेरीचे साधारण ३०० होतात. ही मेहनत लहान नाही. परंतु एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे खाण्यात कणभरही वाढ न होता पंचवीस-सव्वीस फेऱ्या झाल्या तर एक किलो, असे हे गणित आहे.

आणि खाण्यात कणभरही वाढ होत नाही, असे घडत नाही. उतरल्यावर जी भूक लागते ती खरी असते. शेंगदाणे घातलेले, वर शेव पेरलेले पोहे एक बशीभर खाल्ले की अडीचशे ते तीनशे कॅलरी येतात. दोन चमचे साखरेचा चहा त्यात आणखी सत्तर-ऐंशीची भर घालतो. फेरीत खर्च झालेले सगळे पायथ्याशीच भरून निघते, तेही पोटभर खाल्ल्याचे समाधान न होता.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. व्यायाम वाढला की शरीर इतर वेळचा खर्च नकळत आवरते. दिवसभरातले उठणे-बसणे कमी होते, दुपारी जरा पडावेसे वाटते, जिन्याऐवजी लिफ्टकडे पाय वळतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पाच देशांतल्या लोकांचा ऊर्जेचा खर्च मोजला, तेव्हा हालचाल मध्यम पातळीच्या पुढे गेल्यावर एकूण खर्च त्या प्रमाणात वाढताना दिसला नाही. पहिल्या काही महिन्यांत फरक पडून पुढे काटा अडतो, त्यामागचे हे एक मोठे कारण असावे. शिवाय आपले वजन चार किलोंनी घटले, म्हणजे तोच चढ चढायला आता आधीपेक्षा कमी ऊर्जा पुरते.

पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरते ते बहुधा पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साखर ग्लायकोजनच्या रूपात साठते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी झाले की हा साठा आणि पाणी दोन्ही जाते. पावडरवाल्या केंद्रांची जाहिरात याच आठवड्यावर उभी असते.

आता मला दोनच गोष्टी सांगा. आपल्या घरात तेलाचा डबा किती दिवस पुरतो, आणि दिवसाला चहा किती वेळा होतो?

पेठकर

माझ्या मते एवढ्या हिशेबाची गरज नाही. रात्रीचे जेवण सातच्या आत उरकावे, भात बंद करावा आणि कोमट पाण्यात लिंबू-मध घ्यावा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर कॅलरी मोजल्या नाहीत आणि त्यांच्या अंगावर कधी मेद चढला नाही.

तालमीतला

पेठकर, आपल्या वडिलांचे उदाहरण मी आदराने मान्य करतो, परंतु ती पिढी शेतात किंवा सायकलवर दिवस काढत होती. भात बंद केल्याने आपोआप काही होत नाही. भात बंद करून दोन चपात्या वाढल्या तर बेरीज तिथेच राहते. मधही शेवटी साखरच आहे. गुळाचेही तसेच, आपल्या ऊस पट्ट्यात गूळ म्हणजे औषध अशी समजूत आहे, पण कॅलरी पाहिल्या तर गूळ आणि साखर यांत नाव घेण्यासारखा फरक नाही.

मी पूर्वी तालमीत होतो, त्यामुळे एक गोष्ट जवळून पाहिली आहे. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. थंडाई, तूप, बदाम, मटण, सगळे पूर्वीच्याच मापाने चालू राहते आणि तिशीच्या पुढे गडी फुगतो. आमच्यातले ज्यांनी स्वतःला सावरले त्यांनी जोर-बैठका पुन्हा धरल्या आणि ताटही बदलले. एकानेच भागले असे माझ्या पाहण्यात नाही.

ताईंना माझे सांगणे एवढेच आहे की केवळ चालण्याने अंगातली ताकद टिकत नाही. वजन घटवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पावडरवर काढलेल्या दिवसांत ते जास्त झिजतात. पुढे वजन परत येते तेव्हा प्रामुख्याने चरबी येते, गेलेला स्नायू तेवढा परत येत नाही. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारससुद्धा तीच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायू बळकट करणारा. यासाठी जिमच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या कळशीएवढे वजन उचलून ठेवणे, एवढ्यावर सुरुवात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्याच जिल्ह्यातून सूर्यनमस्काराचा प्रसार केला. संथपणे, श्वास सांभाळून घातलेले बारा नमस्कार कमी नसतात.

आणि गुडघे सांभाळा. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जड जातो. गुडघ्याची झीज असलेल्या जाड व्यक्तींवरच्या २००५ च्या एका अभ्यासात असे आढळले, की वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. आपले चार किलो उतरले आहेत. गुडघ्यांच्या दृष्टीने ते सोळा आहेत.

सातारकरीण

कृष्णाकाठ ताई, आपण विचारल्यावर किराण्याच्या वहीत पाहिले. पंधरा किलोचा डबा साधारण दोन महिने जातो, सणासुदीत थोडा लवकर संपतो. चहा सकाळी घरी, उतरल्यावर एक, कार्यालयात दोन-तीन आणि संध्याकाळी सासऱ्यांबरोबर एक असा होतो. साखर प्रत्येकी दोन चमचे.

पेठकर काका, आपल्या सूचनेबद्दल आभार. लवकर जेवण्याचा प्रयत्न करेन, पण मुलांचे वर्ग सुटून घरी यायलाच साडेआठ होतात.

कृष्णाकाठ

मग हा हिशेब सोपा आहे. दोन महिन्यांत पंधरा किलो, सहा माणसे, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४२ ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास धरलेले आहे आणि आपली गरज २,००० पेक्षा कमी असणार. माणशी पंधरा ग्रॅम तेल कमी झाले तरी रोजच्या १३५ कॅलरी वाचतात. चहाची साखर प्रत्येक वेळी दोनऐवजी अर्धा चमचा केली तर आणखी दीडशे. दोन्ही मिळून आपल्या चढाइतके होते आणि त्यासाठी कोणासाठीही वेगळे शिजवावे लागत नाही. उलट सासू-सासऱ्यांनाही त्याचा उपयोगच होईल.

तेल कमी करण्याची जागा म्हणजे फोडणी. आपल्याकडे तेल मापून घालत नाहीत, बरणी कढईवर तिरपी करतात. पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा बरणीतच ठेवा आणि सहा जणांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन, असे ठरवून टाका. पहिले आठ दिवस भाजी कोरडी वाटेल, झाकणावर पाणी ठेवून शिजवली तर तेही वाटत नाही. आमटीत आणि भाजीत घातले जाणारे शेंगदाण्याचे कूट हे दुसरे ठिकाण. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. दाणे वाईट नाहीत, त्यांत प्रथिने आहेत, परंतु ओंजळीने घातलेले कूट आणि वर सढळ तेल, असे दोन्ही एका भाजीला नको.

विश्रामबाग

या चर्चेत बाईच्या ताटाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे, आणि मला वाटते बहुतेक घरांत, बाई शेवटी जेवते आणि जे उरले ते संपवते. मुलाने अर्धी टाकलेली चपाती, पातेल्यातली वाटीभर आमटी, दुपारची भाजी फेकवत नाही म्हणून रात्री. अन्न टाकू नये हा संस्कार मला मान्य आहे, परंतु त्याचा भार घरातल्या एकाच शरीराने का वाहायचा, हा प्रश्न मी घरात उघडपणे विचारला. त्यानंतर आम्ही पीठ मोजून भिजवू लागलो आणि उरलेले सगळ्यांमध्ये वाटले जाऊ लागले. माझ्या वजनात पहिला टिकाऊ फरक त्यानंतर पडला, चालण्याने पडला नव्हता.

उपवासाचेही तसेच आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचे कूट, तूप, बटाटा. आठवड्याचे दोन उपवास आणि मधली एखादी चतुर्थी धरली, तर उपवासाच्याच कॅलरी साध्या जेवणापेक्षा जास्त होतात. भगर आणि ताक घेतले तर पोटही भरते आणि उपवासही होतो.

बाहेरच्या आग्रहाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लग्नसराईत, हळदीकुंकवाला, कोणाच्या घरी गणपतीला गेले की ‘घ्या की, एकाने काय होतंय’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते. मी हल्ली पहिल्यांदा वाढतानाच अर्धे वाढायला सांगते. ताटात पडलेले नाकारण्यापेक्षा ते सोपे जाते.

माणदेशी

माण-खटाव भागातल्या जुन्या जेवणाकडे एकदा नव्याने पाहावे, असे वाटते. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्यांचे माडगे, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. हुलगे आणि मटकी यांत शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिने असतात. आज बहुतेकांच्या ताटात पिष्टाचा भाग मोठा आणि प्रथिनांचा अगदी लहान असतो, मग दोन तासांत पुन्हा भूक लागते. आमटीचे पाणी पातळ असेल तर ‘आम्ही रोज डाळ खातो’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने धरली आहेत. ताईंच्या वजनाला ते साधारण ५९ ग्रॅम होते. मोड आलेली कडधान्ये एक मोठी वाटी, घट्ट वरण, दही, दोन अंडी किंवा मूठभर सोयाबीनच्या वड्या आणि भाकरीतून येणारी प्रथिने, असे रोज जमवले तरच तो आकडा गाठता येतो.

मात्र भाकरीने वजन घटते, हा समज पसरू देऊ नये. पन्नास-साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत १७० ते २०० कॅलरी असतात आणि आपल्या भागातली थापलेली भाकरी बऱ्याचदा त्याहून मोठी असते. तिचा फायदा इतकाच की ती चावून खावी लागते आणि तिला तेल लागत नाही.

मिरजकर

मी मिरजेत डॉक्टर आहे. वजन परत का येते आणि त्यात मनाचा दुबळेपणा किती, याबद्दल लिहितो, कारण ताईंना केंद्रात जे ऐकवले गेले ते वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

वजन घटले की शरीर त्याला संकट समजते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली आला. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. हे तरुण स्वेच्छेने आलेले, निर्धाराचे होते. २०११ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वजन घटवून वर्ष लोटल्यावरही भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढलेलेच होते आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक उतरलेलेच. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. केव्हिन हॉल यांनी ते २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या सगळ्याविरुद्ध माणूस मनाच्या बळावर आयुष्यभर लढेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. म्हणून मी रुग्णांना झपाट्याने आठ-दहा किलो उतरवायला सांगत नाही. महिन्याला एक-दीड किलो पुरेसे आहे, आणि सहा महिन्यांनी जिथे पोहोचाल तिथे काही महिने थांबणे हेही यशच आहे.

आता ताईंच्या साखरेकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या धाग्यातला महत्त्वाचा आकडा ७१ हा नसून ६.१ हा आहे.

भारतीय शरीराची ठेवण वेगळी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे मोजमाप छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांकाची मर्यादा पंचविसाऐवजी तेवीस धरतात आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे म्हणतात.

आणि चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास मला प्रत्येक निराश रुग्णाला सांगावासा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना त्यांनी चालणे आणि आहारातला बदल सांगितला. तीन वर्षांत सल्ला न मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर सल्ला पाळणाऱ्या गटात ३९.३ टक्के. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की त्या लोकांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते. व्यायामाने स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली ओढून घेऊ लागतात आणि यकृतातली चरबी कमी होऊ लागते. वजनकाट्याला ते दिसत नाही. ताई, अजिंक्यताऱ्याच्या प्रत्येक फेरीचे मोल तुमच्या शरीरात जमा होत आले आहे. वजन उतरत नाही म्हणून चढणे सोडलेल्या किती तरी जणांना मी पुढे मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्याचे मला वाईट वाटते, म्हणून हे इतके लांबवून लिहिले.

कराडचा नोकरदार

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्याप्रमाणे मी दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतो. मला त्याचा चांगला उपयोग झाला आणि खर्च शून्य आला. या पद्धतीचा इथे कोणीच उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटले.

मिरजकर

आपल्याला उपयोग झाला याचा आनंद आहे. दोनच जेवणे असली की मधला चहा, बिस्किटे, भडंग, फरसाण हे सगळे आपोआप गळते आणि बेरीज कमी होते. मला त्यात दिसणारे मुख्य कारण हे आहे. ज्यांना वेळेचे बंधन पाळणे मोजमापापेक्षा सोपे जाते, त्यांच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. एक सावधगिरी मात्र हवीच. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणे कमी करू नयेत, कारण साखर अचानक घसरून जिवावर बेतू शकते. गर्भवती स्त्रिया आणि वाढीच्या वयातली मुले यांनीही हा प्रयोग करू नये.

सांगलीची सून

माझ्या बहिणीला पीसीओडी आहे आणि तिला हल्ली कोणी तरी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सांगितले आहे. ती घ्यावीत का? व्यायाम करून थकल्यामुळे ती तो मार्ग धरू पाहते.

मिरजकर

टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही दोन्ही औषधे २०२५ साली भारतात आली. ती तृप्तीचा संदेश वाढवतात आणि परिणामकारक आहेत. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्क्यांच्या जवळपास वजन उतरले. परंतु औषध आणि सोबतचे मार्गदर्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात आणि खाणे कमी झाल्याने स्नायूही झिजतात, म्हणजे प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम तिथेही चुकत नाहीत. आपल्या बहिणीने गर्भधारणेचा विचार केला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्या काळात ही औषधे चालत नाहीत. घेणे अपराध नाही, पण औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. आधी थायरॉइड, साखर आणि ती सध्या घेत असलेली औषधे तपासून घ्यावीत. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही वजन वाढते, आणि तिथे व्यायामाला दोष देऊन उपयोग नसतो.

पेठकर

डॉक्टरसाहेबांचे चेन्नईचे उदाहरण वाचून घरात सर्वांना वाचून दाखवले. आमच्या सूनबाईंनी फिरणे सोडले होते, त्यांना दाखवण्यासारखे वाटले.

सातारकरीण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाईंसमोर तेलाचा हिशेब मांडला. त्यांना माझ्या वजनाचे फारसे वाटले नसते, पण दोन महिन्यांत पंधरा किलो हा आकडा त्यांनाच खटकला आणि मापाचा चमचा त्यांनीच बरणीत ठेवला. कार्यालयात चहा दोन वेळा आणि अर्धा चमचा साखर, हे मी ठरवले आहे. उतरल्यावर पोह्यांऐवजी घरी येऊन मोडाची उसळ किंवा अंडी. मंगळवारी आणि शुक्रवारी चढ नाही, त्याऐवजी घरी नमस्कार आणि उठ-बस. संध्याकाळचा सासऱ्यांबरोबरचा चहा मी सोडणार नाही, त्यात साखर मात्र घालणार नाही.

एक शंका उरली. वजन रोज पाहावे की पाहूच नये? रोज पाहिले की मन खट्टू होते. आणि कंबर मोजायची तर नक्की कुठे? शिंप्याने एक सांगितले, मैत्रिणीने दुसरे.

कृष्णाकाठ

आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाहून आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन पाहा. पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि लोणचे-पापड जास्त झाल्यावर पाण्याने एखाद-दुसरा किलो सहज वाढलेला दिसतो, म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका. चार आठवड्यांची सरासरी मागच्या चार आठवड्यांशी ताडून पाहा.

कंबर महिन्यातून एकदा पुरेशी आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध फीत धरा, बेंबीवर किंवा परकराच्या नाडीच्या जागी नाही. फीत जमिनीला समांतर असावी, अंगाला टेकलेली पण आवळलेली नाही. पोट आत न ओढता साधा श्वास सोडून आकडा वाचा. दोनदा मोजा, आणि फरक एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा मोजा. साखरेची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि आकडा इथे लिहा.